बँक बुडाली की बिटकॉइन वाढतो म्हणे

आजच्या नोंदीत फवारणी नाही, खत नाही, बाजारभावही नाही. म्हणजे भाव आहे, पण कांद्याचा नाही.

एखाद्या सहकारी बँकेवर रिझर्व्ह बँकेचे निर्बंध आले अशी बातमी आली की आमच्या गावच्या पोरांच्या ग्रुपवर एक आलेख फिरायला लागतो. या आठवड्यात तो परत आलाय. मार्च २०२३ चा आहे. अमेरिकेतल्या बँका पटापट बंद पडतायत आणि बिटकॉइनची रेघ वर चाललीय. खाली लिहिलंय की शहाण्या माणसांनी बँकेतून पैसा काढला आणि इकडं आणला. चार पोरांनी त्यावर अंगठे दिलेत. एकानं तर मला सरळ विचारलं, "काका, कांद्याची पट्टी आलीय, सोसायटी भरायला अजून दोन महिने आहेत, तोवर टाकू का?"

त्याला तोंडी सांगितलं ते सांगितलंच. पण हा प्रश्न त्या एकाचा नाही, म्हणून सविस्तर लिहितो. मी अर्थशास्त्री नाही, दहावीपर्यंत शिकलोय. पण भाव कसा वाढतो, कोण वाढवतं आणि कुणाच्या डोक्यावर पडतो, हे तीस वर्षं लिलावात उभं राहून बघतोय. तेवढ्या अनुभवावर हा आलेख वाचता येतो.

आधी तिकडं झालं काय ते बघू. सिलिकॉन व्हॅली बँक ही कॅलिफोर्नियातली मोठी बँक. तिचे ठेवीदार बहुतेक नव्या तंत्रज्ञान कंपन्या. २०२०-२१ मध्ये या कंपन्यांकडं पैसा पाण्यासारखा आला आणि तो बँकेत साचला. बँकेनं त्यातून लांब मुदतीचे रोखे घेऊन ठेवले. तेव्हा व्याजदर शून्याला टेकलेले होते. मार्च २०२२ पासून तिकडच्या फेडरल रिझर्व्हनं दर वाढवायला घेतले आणि वर्षभरात साडेचार टक्क्यांच्या वर नेले. आता तुम्ही रान दहा वर्षांच्या करारानं जुन्या खंडावर देऊन बसलात आणि पुढच्याच वर्षी शिवारात खंड तिप्पट झाला, तर तुमचा करार दुसरा कुणी विकत घेईल का? घेईल, पण भाव पाडून घेईल. बँकेच्या रोख्यांचं तसंच झालं. रोखे बुडीत नव्हते, अमेरिकी सरकारचा पाठिंबा असलेलेच होते. पण मुदतीआधी विकायची वेळ आली की तोटा.

८ मार्च २०२३ ला बँकेनं जाहीर केलं की २१ अब्ज डॉलरचे रोखे विकले आणि त्यात १.८ अब्जांचा तोटा झाला. दुसऱ्या दिवशी, ९ तारखेला, एका दिवसात ४२ अब्ज डॉलर ठेवीदारांनी काढले. रांग नाही, धक्काबुक्की नाही, सगळं फोनवरून. १० मार्चला, शुक्रवारी, बँकेला टाळं. तिकडं ठेव विमा अडीच लाख डॉलरपर्यंत, आणि या बँकेतल्या नव्वद टक्क्यांहून जास्त ठेवी त्या मर्यादेच्या वरच्या. म्हणून एवढी पळापळ.

आता आलेखाकडं या. आलेखाची डावी कड कुठून सुरू होते ते बघा. १० मार्च संध्याकाळनंतर. त्याच्या आधीचे दोन दिवस कापलेत. का कापलेत? कारण त्या दोन दिवसांत बिटकॉइन पडत होता. बँकेवर धाड पडली त्याच वेळी तो २० हजार डॉलरच्या खाली आला होता. ८ तारखेला सिल्व्हरगेट नावाच्या दुसऱ्या बँकेनं गाशा गुंडाळत असल्याचं जाहीर केलं होतं, आणि ती तर क्रिप्टोवाल्यांचीच बँक. म्हणजे "बँका बुडाल्या की क्रिप्टो वाढतो" या म्हणण्यातली पहिली बँक बुडाली ती क्रिप्टोच्या बाजारातल्या ठेवी पळाल्यानं. नोव्हेंबर २०२२ मध्ये एफटीएक्स हा मोठा क्रिप्टो बाजार कोसळला, त्याचा फटका या बँकेला बसला होता. गाय मेली म्हणून गोचीड जगली असं आलेख सांगतो. खरं तर कोण गाय नि कोण गोचीड हेच त्यात उलटं लावलंय.

पुढची गोष्ट मला सगळ्यात महत्त्वाची वाटते, आणि ग्रुपवर ती कुणी टाकत नाही. क्रिप्टोमध्ये युएसडीसी नावाचं एक नाणं आहे. एक नाणं म्हणजे एक डॉलर, असा त्याचा वायदा. जेवढी नाणी काढली तेवढे डॉलर कंपनीनं बाजूला ठेवायचे. सुमारे ४० अब्ज डॉलरचा तो साठा होता. १० मार्चच्या रात्री कंपनीनं सांगितलं की त्यातले ३.३ अब्ज सिलिकॉन व्हॅली बँकेत अडकलेत. झालं. एक डॉलरचं नाणं शनिवारी ८७-८८ सेंटवर आलं. बँकेपासून सुटका म्हणून जे विकलं जातं, त्याचा पाया बँकेतच होता.

मग ते परत एक डॉलरवर कसं आलं? रविवारी, १२ मार्चला, अमेरिकी सरकारचं अर्थखातं, फेडरल रिझर्व्ह आणि ठेव विमा महामंडळ यांनी मिळून जाहीर केलं की या बँकेच्या सगळ्या ठेवीदारांचे सगळे पैसे मिळतील, विम्याच्या मर्यादेवरचेसुद्धा. त्याच दिवशी सिग्नेचर बँक बंद केली, तिच्या ठेवीदारांनाही तीच हमी दिली. बँकांना रोखे तारण ठेवून उसने पैसे मिळतील अशी खास खिडकीही उघडली. सोमवारी नाणं जागेवर. म्हणजे सरकारच्या भरवशावर न चालणारा पैसा सरकारच्या हमीनं वाचला. आणि बिटकॉइनची ती गाजलेली रेघ खरी वर गेली ती या हमीनंतर. तीन-चार दिवसांत २४-२५ हजार, आणि पुढच्या आठवड्यात २८ हजारांच्या आसपास. तोवर तिकडं स्वित्झर्लंडमध्ये क्रेडिट सुइस ही दीडशे वर्षांहून जुनी बँक डळमळली आणि १९ मार्चला तिला यूबीएसच्या गळ्यात बांधण्यात आलं. भीती होतीच. पण भीतीइतकाच दुसरा अंदाज बाजारात होता: आता व्याजदर वाढायचे थांबतील, पैसा परत सैल होईल. पैसा सैल होणार म्हटलं की सट्ट्याची प्रत्येक वस्तू वर जाते. सोनं गेलं, शेअर गेले, बिटकॉइनही गेला.

आणखी एक बारकावा आहे, तो आपल्याला शहरातल्या माणसापेक्षा लवकर कळेल. पेपरात लासलगावचा भाव येतो: कमीत कमी, जास्तीत जास्त, सरासरी. नवखा माणूस जास्तीत जास्तचा आकडा वाचून म्हणतो, शेतकऱ्यांची चांदी आहे. आपल्याला माहीत आहे की तो जास्तीतला भाव एखाद्या वक्कलला, एखाद्या पिकअपला मिळालेला असतो. आवक कमी असेल त्या दिवशी दोन व्यापाऱ्यांनी चढाओढ केली की आकडा उडी मारतो. दुसऱ्या दिवशी दोनशे ट्रॅक्टर आले की तो आकडा कुठं दिसत नाही. मार्च २०२३ मध्ये बिटकॉइनच्या बाजारात असंच होतं. सिल्व्हरगेट आणि सिग्नेचर या दोन बँका गेल्या. डॉलर आत-बाहेर करायच्या मुख्य वाटा त्याच होत्या. वाटा बंद झाल्यावर बाजार उथळ झाला. उथळ पाण्यात लहान दगडानंही मोठी लाट उठते, वर जातानाही आणि खाली येतानाही. रेघ जोरात वर गेली यात "शहाण्यांचा पैसा" किती आणि "आवक कमी" किती, हे आलेखावरून समजत नाही.

त्याच आठवड्यातली पैज काहींना आठवत असेल. बालाजी श्रीनिवासन हे तिकडचे नावाजलेले गुंतवणूकदार. १७ मार्चला त्यांनी जाहीर पैज लावली की ९० दिवसांत एक बिटकॉइन दहा लाख डॉलरचा होईल, कारण डॉलर कोसळणार. दहा-दहा लाख डॉलरच्या दोन पैजा. इकडं मराठीत त्याचे व्हिडिओ निघाले, "बिटकॉइन ८ कोटी" असे मथळे लावून. २ मेला, मुदतीच्या आधीच, त्यांनी हार मानून एकूण १५ लाख डॉलर देऊन टाकले. ९० दिवस भरले तेव्हा बिटकॉइन साधारण २६-२७ हजारांवर होता. मला गंमत याची वाटते की पैजेचे पैसे द्यायचे ठरले होते ते युएसडीसीमध्ये, म्हणजे जे नाणं आठवड्यापूर्वी घसरलं होतं त्यात. त्यांना १५ लाख डॉलर परवडतात. ते स्वतःच म्हणाले की धोक्याची घंटा वाजवायला खर्च केला. आमच्या गावातल्या पोराची घंटा वेगळ्या ठिकाणी वाजते.

याच्याही आधीची गोष्ट सायप्रसची, २०१३ ची. भूमध्य समुद्रातलं छोटं बेट, ग्रीसच्या कर्जात त्यांच्या बँका बुडाल्या. १६ मार्च २०१३ ला लोक सकाळी उठले तर कळलं की खात्यातल्या ठेवीतूनच काही टक्के कापून घ्यायचं ठरतंय, लहान ठेवीदाराचेसुद्धा. लोक रस्त्यावर आल्यावर लहान ठेवी वाचल्या. पण बँक ऑफ सायप्रसमध्ये एक लाख युरोच्या वर ज्यांचे होते, त्यांचे त्या वरच्या रकमेतले पुढं ४७.५ टक्के गेले. बँका २८ मार्चपर्यंत बंद. उघडल्या तेव्हा दिवसाला ३०० युरो. त्या महिन्यात बिटकॉइन साधारण ४७ डॉलरवरून चढत १० एप्रिलला २६० च्या वर गेला आणि त्याच दिवशी काही तासांत निम्म्याहून खाली आला.

इथं मला एक प्रश्न पडला होता, तो तुम्हालाही विचारतो. सायप्रसच्या बंद बँकेत ज्याचे पैसे अडकले होते, तो बिटकॉइन घेणार कशानं? खात्यातून पैसे पाठवताच येत नव्हते. आपल्याकडं सप्टेंबर २०१९ मध्ये पंजाब अँड महाराष्ट्र को-ऑपरेटिव्ह बँकेवर निर्बंध आले तेव्हा पहिल्यांदा किती काढता येत होते? एक हजार रुपये. एक हजारात तो माणूस औषध आणील का बिटकॉइन घेईल? म्हणजे ज्याची बँक बुडाली, तो त्या खरेदीत नव्हताच. ज्याची बँक शाबूत होती, तो दुसऱ्याच्या भीतीवर डाव लावत होता. दुष्काळात वैरणीचा साठा करणाऱ्यासारखं हे आहे. कायद्यानं गुन्हा नसेल. पण त्याला "बँकेपासून बचाव" म्हणू नका.

आता दुसरी बाजूही सांगायला पाहिजे, नाहीतर पोरं म्हणतील काका अर्धंच सांगतात. मार्च २०२३ मध्ये २८ हजाराला घेऊन जो हलला नाही, त्याला डिसेंबर २०२४ मध्ये एक लाख डॉलरच्या वरचा भाव दिसला. हे खरं आहे. पण मधल्या काळात बँका काही आणखी बुडत गेल्या नव्हत्या. जानेवारी २०२४ मध्ये अमेरिकेत बिटकॉइनचे फंड शेअर बाजारात विकायला परवानगी मिळाली, नोव्हेंबर २०२४ ची निवडणूक झाली, असली कारणं होती. आणि त्याच रेघेचं आधीचं टोक बघा: नोव्हेंबर २०२१ मध्ये ६९ हजारांच्या जवळ, २०२२ च्या शेवटी साडेसोळा हजार. वर्षभरात चार भागांतला एक भाग उरला. टिकून राहिला त्याला मिळालं हे बरोबर, पण टिकून कोण राहू शकतं? ज्याला त्या पैशाची मधे गरज लागत नाही तो.

आपल्या पैशाला तिथी असते. सोसायटीचं पीककर्ज मुदतीत भरलं तर तीन लाखांपर्यंत आपल्याला व्याज पडत नाही, तारीख चुकली की सवलत गेली आणि पुढची उचल अडली. जूनला बियाणं, ऑगस्टला रोप, मग मजुरी. ३० टक्के खाली असताना विकायची वेळ येते ती आपल्यावरच, कारण पाऊस आपल्यासाठी थांबत नाही. सिलिकॉन व्हॅली बँक तरी कशानं गेली? चांगले रोखे, पण मुदतीआधी विकावे लागले. पट्टीचे पैसे दोन महिन्यांसाठी बिटकॉइनमध्ये टाकणारा पोरगा तीच चूक करतोय, फक्त रोख्यांच्या जागी त्याच्याकडं त्याहून उड्या मारणारी वस्तू आहे.

कुणी म्हणेल, तुम्ही चाळीत कांदा ठेवता तो सट्टाच की. आहे, नाकारत नाही. एप्रिलला काढलेला कांदा ऑक्टोबरच्या आशेवर ठेवणं म्हणजे अंदाजच. घट होते, सड होते, आणि वर सरकार कधी निर्यातीवर शुल्क लावेल, कधी बंदी घालेल याचा भरवसा नाही, २०२३ मध्ये दोन्ही बघितलं. पण कांद्याची पेरणी किती झाली, गारपीट कुठं झाली, मध्य प्रदेशात माल किती, हे आपल्याला थोडं तरी कळतं. आणि भाव शून्य झाला तरी कुणाच्या तरी ताटात तो जातो. अमेरिकेच्या व्याजदराचा अंदाज निफाड तालुक्यात बसून आपण कशावरून बांधणार?

तसं बघितलं तर त्याच मार्चमध्ये आपल्याकडं काय चाललं होतं? कांदा मातीमोल, दिंडोरीहून मुंबईकडं शेतकऱ्यांचा मोर्चा, शेवटी क्विंटलला ३५० रुपये अनुदान, तेही २०० क्विंटलपर्यंतच. वर अवकाळी. त्या आठवड्यात आपल्यातल्या कुणाकडं सट्ट्यात टाकायला पैसा शिल्लक होता, हे मला अजून कळलेलं नाही.

आता आपल्या देशातला हिशोब. क्रिप्टोच्या नफ्यावर एप्रिल २०२२ पासून ३० टक्के कर आहे, वर उपकर. विकताना १ टक्का टीडीएस. आणि एका नाण्यातला तोटा दुसऱ्याच्या नफ्यातून वजा करता येत नाही. म्हणजे एकात २० हजार मिळाले, दुसऱ्यात २० हजार गेले, हातात शून्य, तरी २० हजारांवर सहा हजारांच्या वर कर भरायचा. शेतीच्या उत्पन्नाला आयकर नाही, त्यामुळं आपल्या पोरांना हे लक्षातच येत नाही. पॅन कार्ड जोडलेलं असतं, सगळं दिसतं. जुलै २०२४ मध्ये वझीरएक्स या आपल्या देशातल्या मोठ्या क्रिप्टो बाजारातून सुमारे २३ कोटी डॉलरची नाणी चोरीला गेली आणि लोकांचे पैसे अडकले. तिथं ठेव विमा नाही.

आणि बँकेची भीती? ती खोटी आहे असं मी म्हणणार नाही. या राज्यात सहकारी बँकांनी लोकांना रडवलंय. पण त्या भीतीचं औषध वेगळं आहे, आणि ते कंटाळवाणं आहे. फेब्रुवारी २०२० पासून बँकेतल्या ठेवीला पाच लाखांपर्यंत विमा आहे, मुद्दल आणि व्याज धरून. एका माणसाचा एका बँकेत, सगळ्या शाखा मिळून. चार शाखांत चार खाती केली म्हणून वीस लाख होत नाहीत, वेगळी बँक लागते. बँकेवर निर्बंध आले तर ९० दिवसांत विम्याचे पैसे देण्याचा नियम २०२१ मध्ये झालाय.

हा विमा पतसंस्थेला नाही. हे वाक्य परत वाचा. आपल्या गावागावांत द्राक्षाचे, कांद्याचे, दुधाचे पैसे ठेवले जातात ते पतसंस्थेत, कारण व्याज एक-दीड टक्का जास्त मिळतं आणि मॅनेजर ओळखीचा असतो. आमच्या भागातल्या एका पतसंस्थेत माझ्या नात्यातल्या एका म्हातारीचे तीन लाख आठ वर्षं अडकलेत. नाव घेत नाही, प्रकरण चालू आहे. तिला कुणी सांगितलंच नव्हतं की बँक वेगळी आणि पतसंस्था वेगळी, दोन्हीकडं पासबुक सारखंच दिसतं. बिटकॉइनच्या आलेखावर अंगठे देणाऱ्या पोरांनी आधी घरातली पासबुकं काढून कुठल्यावर "बँक" लिहिलंय आणि कुठल्यावर "पतसंस्था", एवढं बघावं. बँक असेल तर ठेव विमा महामंडळाच्या यादीत तिचं नाव आहे का, हे फोनवर पाच मिनिटांत दिसतं. आलेख फॉरवर्ड करायला लागतात त्याहून थोडी जास्त.

ज्याला खेळायचंच आहे त्यानं खेळावं. पट्टी, पीककर्ज, बियाण्याचे पैसे आणि आईची ठेव सोडून जे उरेल त्यात. आमच्या ग्रुपवर मी हे लिहिलं तर एकानं विचारलं, काका, उरतंय काय मग? त्याचं उत्तर माझ्याकडं नाही. ते बाजार समितीत विचारायला पाहिजे.

ज्यांच्या तालुक्यात पतसंस्थेच्या अडकलेल्या ठेवी सहाय्यक निबंधकांकडं अर्ज करून परत मिळाल्या असतील, त्यांनी किती दिवस लागले आणि कागद कोणते दिले ते खाली लिहा. त्या म्हातारीसाठी पाहिजे. कृषी सहाय्यक मंडळींनी करप्याबद्दल विचारलं होतं, त्याचे फोटो काढलेत, ती नोंद परवा टाकतो.